न्यार नामच्या सावलीत

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. माझे नाव न्यार नाम, म्हणजे सरोवराची लेक. केनियातल्या मोठ्या सरोवराच्या काठी ओगाडा नावाच्या लुओ जमातीच्या कोळ्याने मला बांधून घेतले. जाड फळ्या, फटींत कापूस, वरून डांबर. पुढच्या टोकावर त्याने दोन पांढरे डोळे रंगवले. त्या डोळ्यांना पापण्या नाहीत. त्यामुळे जे पाहू नये तेही मला पाहावे लागले.

माझी उमेदीची वर्षे सुखाची गेली. ओगाडा, त्याचा वल्हेकरी ओडेरो आणि आणखी दोघे पहाटे मला पाण्यात ढकलत आणि ऊन तापायच्या आत माझे पोट मासळीने भरून परत आणत. "होडी असावी तर अशी!" असे लोक म्हणत. मला फार अभिमान वाटे.

पुढे मासळी आटली. काठावर बायका कमरेइतक्या पाण्यात टोपल्या घेऊन उभ्या राहत. मासे विकले तरच त्यांची चूल पेटायची. मासे थोडे आणि टोपल्या फार. मग ओडेरो वाकून हळूच म्हणे, "आज दार उघडं ठेवशील ना? मग कर टोपली पुढं." कुणी मान खाली घालून हो म्हणे. नाही म्हणणारीची टोपली रिकामी परत जाई. ओगाडाही तेच करी. घरी त्याची बायको आकेयो वाट पाहत असे.

आधी ओडेरो वाळत वाळत मेला. मग ते दोघे. शेवटी ओगाडा. खोकून खोकून त्यांची पाठ धनुष्यासारखी झाली होती. ही चिरा आहे, रीत मोडल्याचा शाप आहे, असे लोक कुजबुजू लागले. आजाराचे खरे नाव कुणी घेत नव्हते.

आणि मग, मित्रांनो, ते परत आले. पहाटे मी किनाऱ्याला बांधलेली, रिकामी असे. तरी एकेक फळी दबू लागे. ज्याची जी जागा, तिथेच भार पडे. रिकामी असूनही मी पाण्यात खोल बसे. खोकला येई. तो माझ्या फळ्यांचा आवाज नव्हता, हे मी शपथेवर सांगते. बायकांनी तो ऐकला आणि त्या टोपल्या टाकून पळाल्या. ओक्विरी हा गावातला वडीलधारा म्हातारा, म्हणून सगळे त्याला जादुओंग म्हणत. तो म्हणाला, "ही होडी माणसं खाते. हिला जाळा." पण जाळायला हात लावणार कोण? त्यांनी मला दोराने ओढून दूर झुडपांजवळ टाकले. माझ्यात पाने कुजू लागली.

अशात शहरातून आलुओच नावाची बाई आली. हा आजार कशाने पसरतो आणि माहीत असूनही लोक सावध का राहत नाहीत, याचा अभ्यास ती करत होती. कोळ्यांनी तिची थट्टा केली. "ताई, बुडायची भीती असून आम्ही होडीत जॅकेट घालत नाही, मग तिथं काय घालणार?" दुसरा हसला नाही. तो म्हणाला, "आम्हाला पाणीच नेणार. आजाराची वाट बघायला वेळ कुणाला आहे?"

बायका तर बोलायलाच तयार नव्हत्या. काठावर प्रत्येक झोपडीला कान होते. तेव्हा आकेयो तिला म्हणाली, "बाई, माझ्या नवऱ्याच्या होडीपाशी चला. तिथं कुणी फिरकत नाही." एरवी बाईने होडीला शिवायचे नाही, अशी इथली रीत. पण मला आता होडी मानतो कोण? दोघी माझ्या सावलीत, मला पाठ टेकून बसल्या.

"मला सगळं कळतं," आकेयो म्हणाली. "रेडिओवर ऐकलंय. पण टोपली भरायची की नाही, ते होडीवाल्याच्या हातात. नवरा गेल्यापासून मीसुद्धा दार उघडं ठेवते. पोरांना रात्री मक्याच्या पिठाचा कुओन तर लागतोच ना?"

तेवढ्यात माझ्या आतून कुणी तरी खोकले. आलुओच चटकन उठली. तिने वाकून आत पाहिले. आत फक्त पाने होती.

"तो ओडेरो," आकेयो म्हणाली. "बोला तुम्ही."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"मेलेल्यांची कशाला? ते माझ्याकडं काही मागत नाहीत."

मग एकेक बाई येऊ लागली. माझ्या भीतीने गाव लांब राही, म्हणून त्या मोकळेपणी बोलत. कितीतरी दुपारी मी ते ऐकले. आतले चौघेही ऐकत असावेत. कारण बायका बोलत तेव्हा खोकला थांबे आणि फळ्या आणखी खाली दबत, जणू कुणी मान खाली घालून बसले आहे.

आलुओचने काठावर सभा घेतली. नाव कुणाचेही न घेता तिने ऐकलेले सांगितले. ओक्विरी चिडून उठला. "आधी ती होडी जाळा!"

"होडी माझी आहे," आकेयो म्हणाली. "तिनं कुणाला खाल्लं नाही, जादुओंग. माझ्या नवऱ्याला ज्या आजारानं नेलं, तोच माझ्याही रक्तात आहे. मी तपासून आले. उद्या ती होडी पाण्यात जाईल. वल्हेकऱ्यांना मजुरी मिळेल. मासळी पैशानं विकली जाईल आणि कुठल्याही बाईकडं दुसरं काही मागायचं नाही. ज्याला जमेल त्यानं यावं."

म्हातारा थुंकून निघून गेला. सकाळी तिघेच आले. त्यांत ओडेरोचा धाकटा भाऊ ओमिती होता. तो आपल्या भावाच्या जागेवर बसला नाही, शेजारी अंग चोरून बसला. आकेयो सरळ माझ्यात चढली आणि सगळ्यांदेखत तिने कमरेला खोचलेल्या पुडीतली आजाराची गोळी सरोवराच्या पाण्याबरोबर गिळली. वल्ही पाण्यात पडू लागली.

मग ओमिती पाण्याकडे बघतच म्हणाला, "वहिनी, त्या गोळ्या देतात तिथं... माणूस एकटा गेला तर चालतं का?"

"मी येते बरोबर," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखाद्या जागेला लोक माणूसखाऊ म्हणत असतील. तिथे दगड मारू नका. जाऊन बसा. तिथली माणसे कशाने मेली आणि जिवंत माणसे कशाला भितात, ते विचारा. आणि कुणी विश्वासाने सांगितले, तर त्याचे नाव कुणाला कळू देऊ नका. मी तुम्हाला सांगितलेली ही नावेसुद्धा खरी नाहीत.