डांबरगोळ्यांचा स्वेटर

आमचं घराणं मेंढरं राखणारं. कवठे येमाईच्या आमच्या घरात आज्यापर्यंत लोकर होती. तरी लोकरीचा कपडा कसा सांभाळावा हे मी मोबाईलवर वाचलं, आणि तेही अर्धंच.

त्याचं असं झालं, की माझ्या दोन स्वेटरांना कसर लागली. मी कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. किड्यापुढं हार मानणं मला शोभेना. फेब्रुवारीत थंडी सरल्यावर बायको, स्वप्नाली, पिठलं सांडलेला तिसरा स्वेटर धुवायला घेऊन निघाली, तर मी तिला अडवलं. "हे खातं आता माझ्याकडं," म्हणालो.

'आधी स्वच्छ धुवा' हे मोबाईलवरच्या लेखातलं पहिलंच वाक्य मी गाळलं. 'दोन-तीन डांबरगोळ्या' लिहिलं होतं, मी अख्खं पाकीट ओतलं. प्लास्टिकच्या पिशवीत स्वेटर कोंबला आणि वरून चिकटपट्टी मारली.

आई बघत होती. "आरं संपत, धू, ऊन दाव, आन् सुती फडक्यात कडूलिंबाचा पाला घालून ठिव."

मी तिला डांबरगोळ्यांचं संप्लवन समजावून सांगितलं. ती "व्हय का" म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

डिसेंबरात दौंडला, आम्ही राहतो तिथं, कडाका पडला. सकाळच्या शिफ्टला जाताना मी पिशवी फोडून स्वेटर चढवला. सर्दीनं माझं नाक चार दिवस बंद होतं. कंपनीच्या बसमध्ये शेजारचा माणूस उठून मागं जाऊन बसला. मला वाटलं, साहेब म्हणून मान देतोय.

प्लांटमध्ये पाय ठेवला आणि इंद्रजीत नावाचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, कसला तरी वास येतोय."

अशा वेळी काय करायचं हे मीच सगळ्यांना शिकवलेलं. बावीस माणसं बाहेर मैदानात काढली. वायू मोजायचं यंत्र घेऊन, इंद्रजीतला सोबत घेऊन आत फिरलो. यंत्र काही दाखवेना.

"आता पंपापाशी येतोय," इंद्रजीत म्हणाला. आम्ही टाकीकडं गेलो. "आता हितं येतोय."

मी वहीत लिहिलं, 'गळती जागा बदलत आहे.' नोकरीच्या अकरा वर्षांत एवढं मूर्ख वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही.

शेवटी बाहेर येऊन मैदानातल्या लोकांना धीर देऊ लागलो, तर पॅकिंगमधले हौसराव जवळ आले. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या खांद्याशी वाकून वास घेतला.

"साहेब, जरा गेटपातुर जाऊन उभं ऱ्हाता का?"

मी गेलो. लांबूनच त्यांनी हात हलवला. "आता न्हाई येत."

अहवालात कारण लिहावंच लागतं. मी 'सेफ्टी कर्मचाऱ्याचा स्वेटर' असं लिहिलं. मॅनेजर गंभीर चेहऱ्यानं वाचत राहिले. मी केबिनचं दार ओढून घेतल्यावर आतून हसू ऐकू आलं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती हसली नाही, त्यामुळं जास्तच लाज वाटली. तिनं स्वेटर तीन दिवस गच्चीवर वाऱ्याला टाकला. मग गार पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवून हलक्या हातानं दाबला. पिळला नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं आणि सावलीत खाटेवर आडवा पसरला. छातीवरचा पिठल्याचा डाग मात्र गेला नाही.

"कसर डागावरच बसती," ती म्हणाली. "तवाच धुतला आसता तर गोळ्या कशापायी लागल्या आसत्या?"



आईनं स्वेटरचा वास कसा घालवला हे मी प्लांटमध्ये सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात हौसराव जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं आले. हातात लोकरीचा जुना मफलर. "ह्यो कसा धुवायचा तेवढं आईंना इचारून सांगा," म्हणाले. जाता जाता त्यांनी पुन्हा सांगितलं, "आईंनाच इचारा, साहेब."

संध्याकाळी वही घेऊन मी आईसमोर बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मध्येच मी पाण्याचं तापमान किती अंश असावं असं विचारलं.

"गार," आई म्हणाली. "गार म्हून लिही."