मशीनमधला चारसोबीस

बसा इकडं, बावा. तुमाले दिग्रसच्या सदाशिवरावाची गोष्ट सांगतो. ऐकाल त हसाल, अन् हसता हसता शरम वाटली त वाटू द्या. वाटलीच पाह्यजे.

सदाशिवराव म्हनजे मोठा कास्तकार. कपडे कडक, आवाज त्याहून कडक, अकलेचं मात्र विचारू नका. त्याच्याजवळ बारा वर्साची पेट्रोल कार. पह्यल्या दिवसापासून चालवे लखीराम, बाजूच्या बंजाऱ्यायच्या तांड्यावरचा. मालकाची म्हातारी आई यवतमाळच्या दवाखान्यात नेनं-आननं, सारं यानंच केलं. आता त्याले शाळेच्या बसवर पक्की नोकरी लागून राह्यली होती, सोमवारपासून. शाळेवाल्यायले फक्त सदाशिवरावाचा एक शब्द पाह्यजे होता, का मानूस भरवशाचा हाय.

अन् नेमका तवाच गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला!

मालक गेला बंटीकडं. बंटी सीट कव्हर विकते. त्यानं ऑनलाइन एक छोटं मशीन मागवलं होतं, गाडीले लावलं का मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसते. कोड आला, पी शून्य चारसो बीस.

"चारसो बीस!" सदाशिवराव वरडला. "पाह्य, मशीन बी सांगून राह्यलं, कोनीतरी चारसोबीसी केली!"

"कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड हाय, काका," बंटी म्हने. "सायलेन्सरच्या पाइपात डब्बा असते, धुरातलं जहर मारते. आत जाळी, तिच्यात महाग धातू. लोकं काढून विकतात. मी व्हिडिओत पाह्यलं."

झालं! गाडी कोनाच्या हातात? लखीरामच्या. लखीराम कुठला? तांड्यावरचा. संपला तपास! या शहान्यानं चौकातल्या चहाच्या टपरीवर दहा लोकायसमोर सांगतलं, "लखीरामनं माह्या गाडीची जाळी विकली. त्यायचं रक्तच तसं." लोकायनं माना हलवल्या. एकानं बी विचारलं नाही, का बावा, तू पाह्यलं काय? चहा पेला अन् शाळेले फोन बी करून टाकला.

लखीराम धावत आला. "मालक, मी काहून चोरू?"

"मी नाही म्हनत, मशीन म्हनते!"

"मंग मशीनले पुरंच विचारू. लोहारा गावच्या गॅरेजले चला. चोर निंगलो त तिथूनच ठान्यात जाऊ."

लोहाऱ्यात निकिताचं गॅरेज. आयटीआय शिकलेली बाई, हात काळे, नजर साफ. लखीरामनं तिले चौकातलं सारं सांगतलं. तिले पाहून सदाशिवरावानं तोंड वाकडं केलं. "बाई गाडी पाह्यन?"

"गाडीले नाही चालत काय, का तुमाले?" निकिता म्हने. गाडी थंडी झाल्यावर तिनं लिफ्टवर थोडी उचलली. "काका, या खाली. वाका."

"माहे कपडे..."

"चौकात एका मानसाचे कपडे उतरवले, तवा नाही वाटलं काही? वाका!"

वाकला. बॅटरीच्या उजेडात निकितानं दाखवलं. "हा डब्बा. हे कंपनीचं वेल्डिंग. कापल्याची निशानी हाय कुठं?" नव्हती. तिनं डब्ब्यावर रबरी हातोडी ठोकली. आत काहीच खडखडलं नाही. "जाळी आतच हाय. फुटली बी नाही."

"मंग चारसो बीस?"

"तो कोडचा नंबर हाय, काका, पोलिसाचं कलम नाही. अन् कलमाचा नंबर बी सरकारनं बदलला, तुमी अजून तिथंच!"

मंग तिनं इंजिन चालू केलं. लखीरामनं सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबलं. निकितानं डब्ब्याच्या आधीच्या जोडावर साबनाचं पानी टाकलं. भसाभसा फेस आला!

"हा जोड फुटला. इथून धूर बाहेर निंगते, अन् बाहेरची हवा बी आत जाते, धूर तपासनारा सेन्सर फसते, त्याले वाटते डब्बाच काम करून नाही राह्यला. कोड येवढंच सांगते, का तपास इथून सुरू करा. चोराचं नाव तो सांगत नाही. ते नाव तुमी घरूनच आनलं होतं."

जोडाजवळ पाइप चेपला होता. "हे कोनं आदळलं?" लखीरामनं मालकाकडं पाह्यलं. सदाशिवरावाले आठवलं. मागल्या महिन्यात साडभावाले 'मले बी गाडी येते' दाखवायले त्यानं सोताच वावराच्या धुऱ्यावरून, त्या उंच बांधावरून घातली होती. लखीराम नको नको म्हनत होता!

"गैरसमज झाला, बापा," सदाशिवराव पुटपुटला. "जाऊ दे आता."

"वा, काका!" निकिता म्हने. "आळ चौकात अन् माफी गाडीखाली?"

तवा कुठं त्याची मान खाली गेली. तिथून तो लखीरामले घेऊन सरळ दिग्रसच्या त्याच टपरीवर आला. आवाजाचा कडकपना पार गेलता. "लखीरामनं काही विकलं नाही. पाइप म्याच फोडला. अन् तांड्याबद्दल बोललो ते माह्या मनातली घान होती." मंग साऱ्यायसमोर शाळेले फोन लावला अन् तेच सांगतलं. शाळेवाले म्हने, सोमवारी पाठवा.

लखीरामनं गाडीची चाबी टपरीच्या टेबलावर ठेवली. "मालक, मी कसा हाय हे तुमाले बारा वर्सं माहीत होतं. तरी बोलले." अन् निंगून गेला.

सदाशिवराव सुधरला, बावा. आता कोनी जातीचं नाव घेऊन चोर म्हने त पह्यले तोच उठून त्याले टोकते. पन एक मानूस गमावल्यावर! जात पाहून चोर ठरवनं हा तपास नाही, नीच आळस हाय. अन् माना हलवनारे? ते त त्याहून हलके!

त्या टपरीवरच्या दहात मी बी होतो. मी लखीरामच्या दारात जाऊन आलो. तुमी बी कोनावर तरी अशी मान हलवली असन. आज त्याच्या घरी जा, अन् दारात उभं राहून चूक कबूल करा. जा न बावा, बसले कायले?