कोपऱ्याचं माप

आमच्या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही. समजून घ्यायचं असतं. आई गेल्यापासून मी समजूनच घेत आलेय आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी मला त्याचा मनापासून कंटाळा आलाय.

त्या शनिवारी भावाची पँट मशीनमध्ये टाकताना खिशात एक चिठ्ठी सापडली. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. लहानपणी एकही शर्ट त्याने गुंड्यांसकट घरी आणला नाही म्हणून त्याचं नाव गुंड्या पडलं, ते अडतिशीचा घोडा झाला तरी सुटलेलं नाही. लोकांच्या घरांना खिडक्या बसवायचं काम करतो. त्यामुळे मापाची टेप कायम खिशात आणि दिसेल ते मोजायची खोड. चिठ्ठीवर त्याच्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ताईची खोली. नऊ बाय आठ. दार आत उघडतं.'

मी मशीनसमोर तशीच उभी राहिले. पाणी भरून मशीन थांबलं तरी मला कळलं नाही.

भावजयीला सातवा संपत आला होता. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, दोघांनी आशा सोडून दिल्यावर हे बाळ येत होतं. पाळणा सांगून ठेवलेला, लाकडी, चांगला दणकट. तो ठेवायचा कुठे, हे कोणी बोलत नव्हतं. एक हॉल, एक स्वयंपाकघर, त्या दोघांची खोली आणि माझी. त्यांच्या खोलीत पलंग आणि दोन कपाटं एकमेकांना टेकून उभी. आता यात न समजण्यासारखं काय होतं?

माझी खोली म्हणजे काही राजवाडा नव्हे हो. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, तिच्यावरचे पाइप दिसतात. पण तिला दार आहे. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे, बावीस वर्षं. दिवसभर शिडीवर चढायचं, उतरायचं, धूळ खायची आणि काउंटरपलीकडून आरडाओरडा करणाऱ्यांना त्यांचे कागद शोधून द्यायचे. संध्याकाळी घरी आले की अर्धा तास दार लावून मी पलंगावर पडते. झोपत नाही, नुसती पडते. त्या अर्ध्या तासात मला कोणी हाक मारत नाही. बाकी माझं काहीही करा, कुठेही बसवा, उरलंसुरलं वाढा, माझी तक्रार नाही. तेवढं दार मात्र मला हवं आहे.

'काय रे, माझी खोली कशाला मोजलीस?' असं सरळ विचारता आलं असतं, हे मलाही कळतं. पण विचारलं आणि तो 'हो ताई, खोली हवीय' म्हणाला, तर पुढे काय बोलायचं? त्यापेक्षा त्याला म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. पाळण्यापुरती जागा दुसरीकडे काढून द्यायची, म्हणजे विषयच मिटला.

"बाळ यायच्या आत घर रिकामं करूया," मी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं. "उद्यापासून दर रविवारी. आधी माळा."

भावजयीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती शाळेत गणित शिकवते, म्हणून मी तिला बाईच म्हणते. "ताई, तुम्ही आठवडाभर राबता आणि रविवारीही…" ती म्हणाली. मला लाज वाटली. थोडीशीच, पण वाटली.

आमच्या रेकॉर्ड रूमचा एक नियम आहे. दहा वर्षांपूर्वीचे कागद काढून टाकायचे, फक्त जन्म आणि मृत्यूचे तेवढे कायम ठेवायचे. मी तोच नियम घराला लावला. पहिल्या रविवारी माळ्यावरून काय काय निघालं म्हणून सांगू! झाकणं नसलेले तीन कुकर आणि कुकर नसलेली पाच झाकणं, त्यातलं एकही एकाला बसेल तर शपथ. बाबांच्या किल्ल्यांचा डबा, ज्यांची कुलपं कधीच गेली. एका पिशवीत भरलेल्या पिशव्या आणि त्यांतही पिशव्या. आणि गुंड्याचा खजिना, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे तुकडे, काचेचे तुकडे, रबराची वेटोळी.

"ते नको टाकूस. लागेल कधीतरी."

"कधी?"

"ते कसं सांगणार? लागेल तेव्हा लागेल."

"दहा वर्षांत लागलंय?"

"नाही, पण टाकल्यावर दुसऱ्या दिवशी लागेल बघ."

भंगारवाल्याने सगळं दोन फेऱ्यांत नेलं. दुसऱ्या दिवशी काहीही लागलं नाही.

दुसऱ्या रविवारी स्वयंपाकघर. तिसऱ्या रविवारी हॉल. तोवर माझी कंबर गेली होती आणि गुडघे तर मला विचारेनासेच झाले होते. बाई खुर्चीत बसून कागद निवडायची, सुजलेले पाय उशीवर ठेवून. दोन तासांनी बघावं तर एकच गठ्ठा झालेला आणि ती कुठल्याशा मुलीची जुनी उत्तरपत्रिका वाचून हसतेय. रागावणार तरी कोणावर? तिलाही रात्र रात्र झोप नव्हती. गुंड्या रविवारी कामाला जाऊन तिसऱ्या प्रहरी यायचा, तोही दमून, हातांना काचेच्या बारीक चिरा पडलेल्या. घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. भांडणासाठीसुद्धा अंगात जोर लागतो, तो कोणात नव्हता.

हॉलमध्ये खिडकीजवळचा कोपरा माझ्या डोळ्यासमोर होता. तिथे व्यायामाची सायकल होती, जिच्यावर आजवर फक्त टॉवेल वाळले. बंद पडलेला टीव्ही होता. आणि त्या दोघांच्या मागे आईचं शिलाई मशीन.

सायकल नि टीव्ही गेले त्याचं मला सोयरसुतक नव्हतं. मशीन मात्र… आईने त्याच्यावर आम्हा दोघांचे शाळेचे कपडे शिवले, गुंड्याच्या शेकडो गुंड्या लावल्या. ती गेल्यावर मला त्यावर सरळ टीपसुद्धा घालता येईना, तरी मी ते वीस वर्षं पुसत आले. नियमाने बघितलं तर ते जन्मातही येत नव्हतं नि मृत्यूतही. खालच्या मजल्यावरची एक मुलगी शिवण शिकत होती, तिला म्हटलं घेऊन जा. तिचा भाऊ आणि ती, दोघांनी उचलून जिन्यावरून नेलं. मी आत जाऊन दार लावलं आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग तोंड धुतलं आणि कोपऱ्यातली जमीन खरवडून काढली.

चौथ्या रविवारी दुपारी कोपरा तयार होता. इतका स्वच्छ, की तेवढाच भाग दुसऱ्या कोणाच्या घरातला वाटावा. गुंड्या कामावरून आला, बूट काढले, पाणी प्यायला. मी त्याला हाताला धरून तिथे उभं केलं. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. जिंकलेच होते मी.

"हे बघ. पाळणा इथे. वारा आहे, उजेड आहे, स्वयंपाकघरातून लक्ष राहील."

गुंड्या कोपऱ्याकडे बघत राहिला. "पाळणा कशाला इथे?" तो म्हणाला. "पाळणा आमच्या पलंगाला लागून बसतोय. एक कपाट दोन वीत सरकवायचं, झालं. मी केव्हाच मोजून ठेवलंय."

"मग माझी खोली कशाला मोजलीस?"

तोंडातून निघूनच गेलं. महिनाभर दाबून ठेवलेलं असं सटकलं, की मलाच दचकायला झालं.

गुंड्याचा चेहरा पडला. लहानपणी काच फोडल्यावर व्हायचा तसाच. "तुला कळलं होतं?" तो म्हणाला. "अगं, हिची आई येणार आहे ना, तीन-चार महिने तरी. त्यांचं वय झालंय, त्यांना कुठेतरी नीट झोपायला… मी तुला कसं सांगू, याच विचारात होतो. हिलाही बोललो नव्हतो. मला झोप नाही गं त्याने."

बाळाची जागा काढता काढता माझे गुडघे गेले आणि बाळाची आजी माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती! कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मी काही बोलणार, तेवढ्यात गुंड्याची नजर पुन्हा त्या कोपऱ्याकडे गेली आणि त्याचा हात खिशात गेला.

टेप बाहेर आली. त्याने एक टोक माझ्या हातात दिलं आणि मीही शहाणी, सवयीने भिंतीशी धरून उभी राहिले. तो मागे मागे गेला, वाकला, आकडा बघितला आणि त्याचं तोंड एकदम उजळलं.

"सहा फूट चार इंच! ताई, तुझा पलंग बसतो की इथे! अगदी मापात. मी महिनाभर डोकं फोडतोय नि तू जागा काढूनही ठेवलीस. खरंच, तुझ्यासारखी तूच."

तो मनापासून बोलत होता, हेच तर वाईट होतं. त्याच्यात काडीचं कपट नाही. आपल्या बहिणीला आता घरात कुठे ठेवायचं, हा घोर त्याला लागला होता आणि तो सुटला होता. माझ्या हातात टेपचं टोक होतं. चार रविवार मी घासून-पुसून, आईचं मशीन देऊन, स्वतःसाठीच तो कोपरा काढला होता. इतकी दमले होते मी, की ओरडताही येईना.

"गुंड्या," मी म्हटलं, "इथे दार नाही."

"हॉलला आहे की दार."

"ते सगळ्यांचं आहे. मला माझं दार हवंय रे." माझा आवाज फाटला. "दिवसातून अर्धा तास. मी दुसरं काही मागत नाही. कधी मागितलंय का?"

"दाराचं काय एवढं? हवं तर मी पडदा लावून देतो," तो म्हणाला. "सरकता, चांगल्यातला."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बाई उभी होती. केव्हापासून, देव जाणे. ती सावकाश चालत आली, एक हात कमरेवर ठेवून, आमच्या दोघांच्या मधून गेली, थेट माझ्या खोलीत. आम्ही मागोमाग गेलो. ती माझ्या पलंगावर बसली आणि दोन्ही हात गादीवर टेकून हुश्श केलं.

"हं," ती गुंड्याला म्हणाली. "न्या आता पलंग. उचला."

"अगं, तू काय…"

"उचला ना. मी उठणार नाही. माझ्यासकट न्या."

आठवा लागलेली बाई ती, उचलणार कोण? गुंड्या दारातच घुटमळला.

"माझ्या आईला झोपायला जागा कुठे, ते मला का नाही विचारलंत?" ती म्हणाली. वर्गात ज्या आवाजात बोलत असेल त्याच आवाजात बोलत होती, न ओरडता. "रात्री बाळ रडल्यावर उठणार कोण? मी आणि आई. मग आई झोपणार कुठे? माझ्याजवळ. आमच्या पलंगावर दोघी, शेजारी पाळणा. आता कोण उरलं?"

गुंड्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला खरोखरच कळेना. त्यालाच का म्हणा, मलाही कुठे सुचलं होतं? या घरात कोणाला हलवायचं म्हटलं की सगळ्यांची मापं निघत, त्याचं सोडून. आणि ती पद्धत पाडली कोणी? मीच. आई गेल्यावर चांगली गादी त्याला, पंख्याखालची जागा त्याला, लग्न झालं तेव्हा मोठी खोली त्याला. मीच दिलं सगळं, कोणी हात पिरगाळला नव्हता.

"सहा फूट चार इंच ना?" बाई म्हणाली. "तुम्ही पाच आठ. आरामात बसाल."

"मी?" गुंड्या म्हणाला. "हॉलमध्ये?"

"एकदा झोपलात की दगड असता तुम्ही. रस्त्यावर टाकलं तरी तुम्हाला फरक पडायचा नाही."

तो हसला, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला पाठ आहे. पानातलं आवडीचं संपलं की तो असाच बघायचा आणि मी माझ्या पानातलं त्याच्या पानात टाकायचे. 'राहू दे रे, मी झोपेन हॉलमध्ये,' हे मी म्हणणार, याची तो वाट बघत होता. बाईलाही ते कळलं. तिने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

तोंडापर्यंत आलं होतं हो माझ्या. तेवढे शब्द, अगदी जिभेच्या टोकावर. मला त्याची दया येत होती. सकाळपासून उन्हात खिडक्या बसवून आलेला, हात सोललेले. मी एकदा गिळलं. पुन्हा गिळलं.

"खिडकीला पडदा लावून घे," मी गुंड्याला म्हटलं. "उजाडताच ऊन येतं त्या कोपऱ्यात."