सरांच्या खोलीवरून जाताना

मुलींच्या क्रीडा वसतिगृहातल्या रेक्टरबाईंना आधी ते गाणंच वाटलं. वरच्या मजल्यावरच्या एका बंद दाराशी आली की प्रत्येक मुलगी गुणगुणायला लागायची आणि दार मागे पडलं की थांबायची. ना शब्द, ना सूर, नुसतं हूं हूं. संध्याकाळी मुली मैदानावरून परतल्या की बाईंच्या अंगावर काटा यायचा.

ते दार धावणं शिकवणाऱ्या सरांच्या खोलीचं. सर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले, म्हणे प्रकृतीच्या कारणाने. प्रकृती कसली, चांगली ठणठणीत होती! एका मुलीने सरांविरुद्ध तोंड उघडलं होतं. पण संस्थेचे चिटणीस गोड बोलण्यात पटाईत. "पोरीचं नाव चव्हाट्यावर येईल हो," म्हणाले, आणि पोरीच्या नावाआडून सरांवर पांघरूण घातलं. बाईही मूग गिळून बसल्या, कारण नोकरी आणि राहती खोली दोन्ही चिटणिसांच्या हातात.

नवल असं की त्या वेळच्या मुली केव्हाच बाहेर पडल्या. आताच्या एकीनेही सरांना पाहिलेलं नाही. तरी हूं हूं चालूच.

बाईंनी सगळ्यात धाकटीला विचारलं, "का गं, भुताबिताला घाबरता की काय?"

"तसं नाही. मोठ्या ताया सांगून गेल्यात, इथून गप्प जायचं नाही. कुणाला आत ओढलं तर आवाज बंद पडतो ना, मग मागचीला कळतं."



त्याच आठवड्यात दुसऱ्या एका वसतिगृहाच्या अधीक्षिका आल्या. सरांनी त्यांच्याकडे अर्ज केला होता. "माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं. चिटणिसांनी उत्तर आधीच पढवून ठेवलं होतं: सज्जन, तब्येतीमुळे सोडून गेले. तेवढंच बोलायचं ठरवून बाई त्यांना वरचा मजला दाखवायला निघाल्या. धाकटीही मागोमाग आली. दार आलं. धाकटी गुणगुणू लागली, आणि तिने बाईंची बाही ओढली.

"बाई, तुमचा आवाज येत नाहीये. मी तुमच्या मागेच आहे."

बाईंना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्यांनी धाकटीला खाली पिटाळलं.

"ज्या मुलीने तक्रार केली तिचं नाव मी मरेपर्यंत सांगणार नाही," त्या अधीक्षिकांना म्हणाल्या. "पण सरांचं सगळं सांगते. उद्या पालकांनाही सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली." आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अधीक्षिका पांढऱ्याफटक पडल्या.

"अहो, हे आता सांगताय? सोमवारीच रुजू झालेत ते. चौकशी आपली एक रीत म्हणून करायची. आज मला इकडे यायचं होतं, तर मुलींकडे बघायला त्यांनाच सांगून आलेय मी!"

त्यांनी लगेच आपल्या वसतिगृहात फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना.