ग्लॅडिस बोलायची तेव्हा

बस बोलायला लागली तो उन्हाळा फर्गस फॉल्स गावातल्या जुन्या माणसांच्या अजून ध्यानात आहे. ऑर्विल लिंडच्या तर तो इतका ध्यानात आहे की मधली कितीतरी वर्षं त्याला धूसर दिसतात, पण त्या उन्हाळ्यातला रस्ता डोळे मिटले की समोर येतो. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, पुढच्या काचेवर आपटून चिकटलेले किडे, आणि मागे चर्चमधली म्हातारी मंडळी, मांडीवर सँडविचचे डबे घेऊन बसलेली.

ऑर्विल हॅल्व्हर्सनच्या टूर कंपनीत बस चालवायचा. तिशी उलटली होती, लग्न झालेलं नव्हतं. हात स्टिअरिंगवर असेतोवर त्याच्यासारखा माणूस नव्हता. घाटात बस अशी उतरवायचा की पेल्यातली कॉफी हिंदकळायची नाही. पण तोंड उघडायची वेळ आली की त्याला घाम फुटायचा. लहानपणापासून तो बोलताना अडखळायचा. काही अक्षरं तर ओठांशी येऊन अशी अडून बसायची की समोरचा माणूस कंटाळून वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायचा. म्हणून ऑर्विलने बोलणंच कमी केलं होतं. बस चालवणाऱ्याला त्याची फारशी गरजही पडत नसे. बोलायला डॉरीन होती. ती पुढे उभी राहून माइकवर सगळं सांगायची, नद्यांची नावं, डोंगरांची उंची, कुठे कोण लढलं आणि कुठे कोण पुरलं.

त्या उन्हाळ्यात चर्चमधल्या मंडळींना घेऊन यलोस्टोनला निघालेल्या सहलीत दुसऱ्याच दिवशी, सू फॉल्समध्ये, डॉरीनची अक्कलदाढ सुजली. सकाळी तिचा गाल एवढा फुगला की तिला डोळाही नीट उघडता येईना. तिला दातांच्या डॉक्टरकडे पोहोचवून ऑर्विलने मालकाला फोन केला. काय झालं ते सांगायला त्याला बराच वेळ लागला. हॅल्व्हर्सनने मात्र झटक्यात उत्तर दिलं. "तू पुढे जा. लोकांना डोळे आहेत, बघतील."

दुपारपर्यंत बसमध्ये कोणी काही बोललं नाही. लोक बघत होते, पण नुसतं बघून माणसाचं भागत नाही. पहिल्या रांगेत व्हर्निस उलरिक बसल्या होत्या. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे शांतता त्यांना फक्त मुलांची आवडायची. बस चेंबरलेनच्या उतारावर आली, खाली रुंद नदी चकाकायला लागली, तेव्हा त्यांना राहवेना.

"मिस्टर लिंड, ही एवढी मोठी नदी दिसतेय, तिला काही नाव आहे की तसंच सोडलंय?"

ऑर्विलने माइक उचलला. "ही म... म... म..."

पुढे सरकेना. शेवटी कोणीतरी दयेने हळूच म्हणालं, "मिसूरी." हे तर हसण्यापेक्षा वाईट झालं. ऑर्विलचे कान लाल झाले. त्याने माइक जागेवर ठेवला आणि गाडी पुलावर घेतली.

पलीकडे चढ होता. बस जुनी होती, खालचा गिअर टाकताच ती कण्हल्यासारखी करायची. त्या दिवशीही कण्हली आणि दोन-चार जण हसले. मग काय झालं ते ऑर्विलला स्वतःलाही कधी नीट सांगता आलं नाही. त्याने पुन्हा माइक घेतला आणि त्याच्या तोंडून त्याच्या ग्लॅडिसमावशीचा आवाज निघाला. ही मावशी ब्रेनर्डला खानावळ चालवायची. नाकात बोलायची, आणि सूर्य उगवला तरी त्यात खोट काढायची. लहानपणी ऑर्विल बहिणीला हसवायला गोठ्यात मावशीची नक्कल करायचा, आणि तेवढ्या वेळापुरती त्याची जीभ अडत नसे.

"हसा, हसा," तो आवाज म्हणाला. "माझ्या वयाच्या बाईला एवढ्या लोकांचं ओझं घेऊन चढ चढायला लावलंय, वर म्हणता नदीचं नाव सांग. मिसूरी. झालं समाधान? आता जरा दम खाऊ द्या."

क्षणभर कोणाला काही कळेना. बोलतंय कोण? मग व्हर्निसबाईंनीच विचारलं, "आणि आपण कोण म्हणायच्या?"

"कोण म्हणजे? जिच्या अंगावर तुम्ही बसलाय ती. ग्लॅडिस."

अख्खी बस हसत सुटली ती चढ संपेपर्यंत. एकदाही न अडखळता ऑर्विल चारचौघांत एवढं बोलला होता, आणि ते बोलणं त्याचं नव्हतं.

त्यानंतर ग्लॅडिसच्या तोंडाला खीळ राहिली नाही. बॅडलँड्सच्या उजाड सुळक्यांमध्ये ती म्हणाली, "बघून घ्या. इथे पेट्रोल पंप नाही, सावली नाही, शेजारीण नाही. देवाने हा भाग शनिवारी संध्याकाळी केला असावा, सामान संपल्यावर." डोंगरात कोरलेले देशाचे चार अध्यक्ष पाहून म्हणाली, "चौघं दगडी बसलेत. एकजण उठून बाईमाणसाला जागा देईल तर शपथ." आणि यलोस्टोनला, जमिनीतून उकळत्या पाण्याचा खांब उसळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मंडळी बसमध्ये परतल्यावर ती अर्धा तास फुरंगटून बसली. "बिगहॉर्नच्या घाटात माझा रेडिएटर उकळला तेव्हा मीही तेच केलं. पाणीही तेवढंच उडालं. तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या का? उलट खाली उतरून मला शिव्या घातल्यात."

डॉरीनला सांगता यायची ती माहिती ग्लॅडिसकडे नव्हती. डोंगर किती उंच ते तिला ठाऊक नसायचं; चढायला किती जड ते ठाऊक असायचं. पण घरी परतलेल्या मंडळींनी गावात ग्लॅडिसच्याच गोष्टी सांगितल्या. पुढच्या उन्हाळ्यात लोक हॅल्व्हर्सनच्या कचेरीत येऊन विचारू लागले, "बोलणारी बस कधी सुटते?" डॉरीनने दुसरी गाडी मागून घेतली. रागाने नाही, तिने हसून सांगितलं, "माझं तिच्यासमोर कोण ऐकणार?"

मग ग्लॅडिस लांबलांबच्या सहलींना जाऊ लागली. नायगाराच्या तुषारांनी तिच्या काचा धुतल्या. न्यू ऑर्लिन्सच्या उकाड्यात ती म्हणाली, "मी उत्तरेची पोर, मला हे झेपायचं नाही." सॅन फ्रान्सिस्कोच्या उभ्या रस्त्यांवर तिने डोळे मिटून घेतल्याचं सांगितलं, तेव्हा एका आजीबाईंनी खरोखर किंचाळून सीट पकडली. ग्रँड कॅन्यनच्या काठावर मात्र ती बराच वेळ गप्प राहिली. कोणी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "असल्या ठिकाणी मी बोलत नाही."

बसमधून उतरला की ऑर्विल पुन्हा पहिल्यासारखा. जेवणाच्या टेबलावर त्याला मीठ मागायचं असलं तर तो हात लांब करून घ्यायचा. लोकांना याचं नवल वाटायचं, मग सवय झाली. बोलायचं असेल तर बसमध्ये बसायचं, एवढं त्यांनी समजून घेतलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मायर्ना एकबर्ग तिच्या आईला घेऊन आली. मायर्ना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करायची. दिवसभर लोकांचे आवाज ऐकायची, त्यामुळे तिला ऐकायची सवय होती. आई हेडविग ठेंगणी, बडबडी, हातात कायम छत्री. ती ग्लॅडिसशी असं बोलायची जसं चर्चच्या पायऱ्यांवर बायका बोलतात. "तुझे गुडघे कसे आहेत ग्लॅडिस?" "गुडघे कसले बाई, टायर. पण दुखतात तसेच." मायर्ना हसायची, पण बसकडे बघत नसे. आरशात दिसणाऱ्या ऑर्विलकडे बघायची. त्याच्या हे लक्षात आलं आणि त्या दिवशी त्याने दोन वळणं चुकवली.

त्या हिवाळ्यात ऑर्विलने तीनदा एक्स्चेंजला फोन लावला आणि तिचा आवाज ऐकताच ठेवून दिला. पुढच्या उन्हाळ्यात मायलेकी पुन्हा आल्या. म्हातारी म्हणाली, "पुन्हा तेच डोंगर बघायचे? पण ही ऐकेल तर ना."

बॅडलँड्सला थांबा होता. मंडळी खाली उतरून कठड्याजवळ फोटो काढत होती. मायर्नाला उन्हाचा त्रास होत होता, म्हणून ती बसमध्येच राहिली. निदान तिने तसं सांगितलं. ऑर्विल चालकाच्या जागेवर, ती चौथ्या रांगेत. मग माइक खरखरला.

"मायर्ना, पोरी," ग्लॅडिस म्हणाली, "माझा हा चालक आहे ना, वाईट नाही. मला रोज धुतो. दारू पीत नाही. स्वयंपाक येत नाही, पण अंडी उकडतो. त्याच्या मनात गेलं वर्षभर एक गोष्ट आहे, आणि ती अशी की..."

मायर्ना उठली. पुढे आली, आणि तिने माइकचं बटण बंद केलं.

"ग्लॅडिसमावशी, तुमचा मान राखून सांगते," ती म्हणाली. "मी काही बसशी लग्न करणार नाही. ह्याला काही विचारायचं असेल तर ह्यानेच विचारावं."

ऑर्विलला वाटलं, पायाखालची फळी निघाली. तो म्हणाला, "म... म..." आणि थांबला. ती तशीच उभी राहिली. वाक्य पुरं करायला तिने मदत केली नाही. मान हलवली नाही, घड्याळ पाहिलं नाही, दयाही दाखवली नाही. नुसती ऐकत राहिली.

तेवढ्यात फोटो काढून झालेली मंडळी परत आली. मायर्नाने हात लांब करून दाराचा दांडा ओढला आणि दार त्यांच्या तोंडावर बंद केलं. बाहेर उन्हात रांग लागली. कोणीतरी काचेवर टकटक केली. मग हेडविगने छत्रीने ठोकायला सुरुवात केली. आत ऑर्विल एकेका शब्दाशी झुंजत होता. नाव घेताना अडला, 'लग्न' म्हणताना अडला, मध्ये एकदा सगळं सोडून द्यावं म्हणून त्याने मान खाली घातली, तरी ती हलली नाही. शेवटी वाक्य संपलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

"हो," मायर्ना म्हणाली, आणि दार उघडलं.

हेडविग घामाने डबडबून वर चढली. "आम्ही बाहेर भाजून निघालो. चाललं होतं काय तुमचं?"

"ऑर्विल बोलत होता."

म्हातारीने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "ऑर्विल? एवढा वेळ?" ती सीटवर टेकली. "मग महत्त्वाचंच असणार. चल बाबा, गाडी काढ."

लग्नानंतर मायर्ना दर उन्हाळ्यात बसबरोबर जायची. कॉफी ओतायची, बिस्किटं वाटायची, आजारी पडणाऱ्यांना पुढे बसवायची. घरात ती ऑर्विलशीच बोलायची आणि ग्लॅडिसला कधी घरात घ्यायची नाही. एकदा भांडणात त्याने मावशीचा आवाज काढून पाहिला, तेव्हा ती म्हणाली, "तिला अंगणात ठेव. तू आत ये आणि भांड." मग तो अडखळत भांडला. ते भांडण जेवणापासून झोपेपर्यंत पुरलं, आणि शेवटी दोघंही हसायला लागली.

वर्षं गेली. हॅल्व्हर्सनच्या मुलाने वातानुकूलित गाड्या आणल्या. त्यांत टेप लावलेली असायची. तिच्यातला एक गंभीर पुरुषी आवाज सगळी माहिती अचूक सांगायचा. व्हर्निसबाई वारल्या, हेडविग वारली, चर्चमधली ती पिढीच हळूहळू कमी झाली. नवे लोक विमानाने जाऊ लागले. ग्लॅडिसची शेवटची सहल ठरली तेव्हा निम्म्या जागा रिकाम्या होत्या.

चेंबरलेनचा उतार आला. खाली नदी चकाकत होती. मंडळी वाट पाहत बसली. ऑर्विलने माइक उचलला, पण आवाज येईना. अडखळणं हे नव्हतं. अडखळणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. ह्या वेळी मावशीच आली नाही. डोळ्यांत पाणी येऊन पुढचा रस्ता पुसट होत होता. मायर्नाने त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

"तू रस्ता बघ," ती म्हणाली.

मग तिने ग्लॅडिसचा आवाज काढला. आवाज अगदीच जमला नाही. नाकातून बोलायच्या नादात तिला सर्दी झाल्यासारखं वाटत होतं, आणि मावशी कधी जे शब्द वापरणार नाही ते ती वापरत होती. "मंडळी, ही मिसूरी," ती म्हणाली. "मी इतक्या वेळा ओलांडलीय की हिने मला आता जेवायलाच बोलवायला हवं." मागून कोणीतरी ओरडलं, "ग्लॅडिस, तुझा आवाज बसलाय." "बसणारच," मायर्ना म्हणाली, "सगळे बसलेत, मग मीच का उभी राहू?"

ऑर्विल हसला. इतक्या वर्षांत पुढे काय बोलायचं याचा विचार न करता तो पहिल्यांदाच ह्या रस्त्याने चालला होता. त्याने पाणी पाहिलं, पाण्यावर बसलेली पांढरी पाखरं पाहिली, पलीकडच्या टेकड्यांवर ढगांच्या सावल्या सरकताना पाहिल्या. एवढं सगळं इथे होतं हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पुढचे सगळे दिवस मायर्ना बोलली आणि तो ऐकत, बघत राहिला.

शरद ऋतूत कॅन्ससचा एक माणूस बस विकत घ्यायला आला. गव्हाची कापणी करत गावोगाव हिंडणारी त्याची टोळी होती. मजुरांना न्यायला त्याला गाडी हवी होती. इंजिनाभोवती फिरून त्याने ऑर्विलला विचारलं, "काही खोड आहे का हिला?"

ऑर्विलने खोडी सांगितल्या. थंडीत चालू करताना काय करायचं, चढावर कुठला गिअर, कुठलं दार ओढून लावायचं. सांगायला बराच वेळ लागला. माणूस भला होता, त्याने टोपी हातात धरून सगळं ऐकून घेतलं. मायर्ना मध्ये काही बोलली नाही.

बस फाटकातून बाहेर पडून दक्षिणेला वळली. मायर्नाचा भाऊ त्यांना न्यायला पिकअप घेऊन आला होता. तिघं पुढेच बसली, ऑर्विल दाराशी. घरापर्यंतचा रस्ता ओळखीचा होता, पण पाय कुठे ठेवावे ते त्याला कळेना. प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक शोधत फळीवर दाबला जात होता. मायर्नाने ते पाहिलं आणि भावाला सांगितलं, "जरा हळू चालव. ह्याला बाहेर बघायचंय."