खोटा काटा

...आणि काटा परत खाली बसला. शून्याच्याही जरा खाली तो बारीक खिळा असतो, त्याला टेकून अगदी निवांत. गाडीच्या इंजिनाचा आवाज तोच, एकसारखा, कुठं खरखर नाही, ठोका नाही — आणि मग काही कारण नसताना काटा उठला तो थेट साठावर. ऑइलचा दाब साठ पौंड. रमाकांतनं काचेवर नखानं टिचकी मारली. चौतीस वर्षं रिफायनरीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात काढलेल्या माणसानं टिचकी मारू नये. शिकाऊ पोरांना तो यासाठीच झापायचा — टिचकीनं काटा हलतो रे, दाब हलत नाही — पण आज मारली. काटा चाळिसावर आला, थरथरला आणि थांबला.

मंगळवारी हे पहिल्यांदा दिसलं ते बायकोला, शालिनीला. पुढच्या लांबलचक सीटवर ती शेजारी बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे त्यानंच उचलून ठेवलेला. मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी ती दोघं फतेगंजहून रावपुऱ्यात व्यायामाच्या डॉक्टरकडे जातात. जुन्या गाडीची ती सलग सीट आहे म्हणून जाता तरी येतं. रिक्षात एकदा बसवलं तेव्हा ती वळणावर आडवी झाली होती आणि घरी येईपर्यंत रडत होती. तर मंगळवारी वळणावर ती म्हणाली, "का...टा. पडला." अकरा महिन्यांत तिचे शब्द असे एकेक करून परत येतायत, कधी अर्धे, कधी उलटे. नवीन शब्द आला की तो कौतुक करतो, करायचं असतं असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्या दिवशी कौतुक राहिलं बाजूला. तो पटकन म्हणाला, "काटा खोटा आहे."

म्हणून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. शालिनी समोर रस्त्याकडे बघत होती. दवाखान्यापाशी उतरताना तिनं नेहमीसारखा डावा हात त्याच्या खांद्यावर टाकला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्याला स्वतःचीच किळस आली... कारण जवळपास हेच शब्द तो अकरा महिन्यांपूर्वी एका बुधवारी संध्याकाळी बोलला होता. डोकं जड वाटतंय, शालिनी म्हणाली होती. रक्तदाबाचं मशीन घरात होतं, यशश्रीनं, त्यांच्या मुलीनं, पुण्याहून पाठवलेलं. त्यानंच पट्टा बांधला. "घट्ट होतंय हो," ती म्हणाली. तो म्हणाला, "तसाच असतो." एकशेअठ्ठ्याण्णव. परत लावलं. एकशेशहात्तर. परत. दोनशेचार. तीन वेळा तीन आकडे, हे काय मीटर झालं? "मशीन खोटं आहे," तो म्हणाला. हो, म्हणालो मी. साहेबी थाटात म्हणालो. नुसतं म्हणून थांबलो नाही. प्लांटवर बिघडलेल्या मीटरला चिठ्ठी लावायची पद्धत असते, तशी मशीनवर पांढरी चिकटपट्टी लावली, तिच्यावर ‘नादुरुस्त’ लिहिलं, खाली तारीख घातली आणि सही ठोकली. शालिनी पट्टा सोडवत हसली. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं," असं म्हणून ती साबुदाणा भिजवायला उठली. पहाटे ती मोरीपाशी पडलेली सापडली.

मशीन अजून टेबलाच्या खणात आहे. पट्टीवरची तारीख ती पडली त्याच्या फक्त एक दिवस आधीची आहे. ते खरं होतं की खोटं, हे त्यानं कधी तपासलं नाही. कुठल्याही डॉक्टरकडच्या पाऱ्याच्या मशीनशी ताडून बघायचं, दहा मिनिटांचं काम. जो माणूस चौतीस वर्षं दुसऱ्यांची मीटरं ताडून बघत होता त्याला अकरा महिन्यांत दहा मिनिटं मिळाली नाहीत. आणि पोरांना शिकवताना काय सांगायचा? काट्यावर संशय घ्या, जरूर घ्या, पण तो खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत काटा खरा धरायचा. वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा तो घरी घेऊन आला.

काल जयंतीभाई मेकॅनिक बघून गेले. "काका, सेंडर बदली नाखो ने, इंजिन तो मख्खन छे," एवढं बोलून, चहा पिऊन निघाले. सेंडर म्हणजे इंजिनाच्या कुशीत बसवलेला तो बुटका डबा, आतला दाब वायरीवाटे काट्याला कळवणारा. बदलून टाका, मिटलं. पण रमाकांतला बदलायचं नव्हतं, त्याला कळायला हवं होतं. आज सकाळी तो गावातल्या वाडी भागात गेला, लेथवाल्याकडून सेंडरच्या आट्यांची पितळी नळी करून घेतली, आणि निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी भेट दिलेलं मास्टर गेज, बाकीची मीटरं ज्याच्याशी ताडतात ते, कपाटातून काढलं. वायर नाही, काही नाही. ऑइल सरळ येऊन याच्या काट्याला ढकलणार. याला खोटं बोलता येत नाही.

सेंडर काढला, नळी बसवली, गेज आवळलं. साडेतीन वाजले होते. पाचला निघायचं होतं. तळमजल्याच्या गॅलरीत शालिनी खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होती; अकरा महिने ती अशीच बघते, तक्रार नाही, टोमणा नाही, एकदासुद्धा नाही. इंजिन सुरू करायला त्यानं किल्लीला हात घातला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला इंजिन खराब हवंय. खरोखरच हवंय. मास्टर गेजनं पाच पौंड दाखवावेत, बेअरिंगं गेलेली निघावीत, म्हणजे शालिनीनं पाहिलं ते खरं ठरेल आणि मी ठरेन पुन्हा एकदा चुकलेला, आणि मग तिच्यापाशी जाऊन सांगता येईल — काय सांगता येईल? की बघ, मी असाच आहे, त्या दिवशीही असाच होतो. गाडीच्या आडोशानं का होईना, एकदा सांगून टाकता येईल.

इंजिन गरम होऊ दिलं. मंद चालीवर बावीस पौंड. वेग दिला, अठ्ठेचाळीस. सोडला, बावीस. काटा लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. दहा मिनिटं तो उन्हात वाकून बघत राहिला, काटा पडावा म्हणून वाट बघत, आणि काटा पडला नाही.

मग इंजिन बंद करून सेंडर परत बसवला, इंजिन पुन्हा चालू केलं आणि डॅशबोर्डखाली हात घातला. वळायचा दिवा लावला की काटा दिव्याच्या तालावर उड्या मारतो, हे आता दिसलं. मंगळवारीही वळणच होतं, दिवा चालूच असणार. काट्यामागची काळी अर्थिंगची वायर स्क्रूखाली सैल होती, बोटानं हलत होती. स्क्रू दोन आटे फिरवला आणि काटा बाविसावर येऊन शहाण्यासारखा बसला. म्हणजे मी बरोबर होतो. बघितल्याशिवाय, तपासल्याशिवाय, नुसत्या सवयीनं बोललो आणि बरोबर निघालो. अशा बरोबर असण्याला काय चाटायचंय?

हात पुसत तो गॅलरीत आला. शालिनीनं मान वर केली. "काय... निघालं?"

इंजिन गेलंय, तू म्हणालीस तेच खरं, असं म्हणता आलं असतं. पण मग गाडी उभी करावी लागली असती, आणि पुन्हा रिक्षा, पुन्हा ते वळण. ती साडी नीट करून बसली होती. आठवड्यातले हे तीन दिवसच तिला बाहेरचा रस्ता दिसतो.

"एक वायर सैल होती," तो म्हणाला. "इंजिन ठणठणीत आहे." तो एक शब्द त्यानं वगळला.

"म्हणजे काटा... खोटा."

"हं."

ओठांची डावी बाजू हलली, आणि मग एकही शब्द न सांडता ती म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणजे झालं."

त्यानं तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. असता तर त्यानं हात जोडले असते. नव्हता. तिनं चपलेसाठी पाय पुढं केला होता, आणि तो खाली बसला, आणि खाली बसताना त्याला तिचा राग आला — अकरा महिन्यांत पहिल्यांदाच, सणसणीत. एवढा विश्वास कशाला ठेवतेस गं? एकदा तरी विचार की, कशावरून? त्या संध्याकाळी विचारलं असतंस, तर मी थांबलो असतो, तर मी... आपण आता तिच्यावरच ढकलतोय, हेही त्याला दिसत होतं, आणि तरी राग जात नव्हता. त्यानं तिच्या उजव्या पावलात चप्पल सरकवली, पट्टा ओढला, रोजच्या भोकात अडकवला.

"घट्ट होतंय," शालिनी म्हणाली.

रोजचंच भोक आहे, तुला उगाच वाटतंय — वाक्य जिभेवर येऊन तयार उभं होतं, गुळगुळीत, बिनचूक. तो ते तोंडात धरून, पट्ट्यावर अंगठा तसाच ठेवून, तिच्या पावलाकडे बघत राहिला.