खुणेपासून चाळीस पावलं

“तुमच्याच खुणेवर उभे आहोत, दाजी. आता खाली बघा.”

मेव्हण्याने जीपीएसचा पडदा त्यांच्याकडे वळवला. होडी आणि खूण एकावर एक बसली होती. दाजींनी वल्हं पाण्यात उभं सोडलं. ते जेमतेम हातभर गेलं आणि खडकावर टेकलं.

पंधरवड्यापूर्वी याच जागी मेव्हण्याची नवी होडी भरधाव येऊन फाटली होती आणि त्याच्या बायकोचं मनगट मोडलं होतं. दोन खडकांमधली घळ आहे, मासे तिथेच असतात, ओहोटीलाही बिनघोर जा, असं सांगून ती खूण दाजींनीच दिली होती. दाजींचा उभा जन्म दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेलेला. गुंजभर फरक निघाला तरी काटा सील करणारा माणूस. त्याची खूण चुकते कशी? मेव्हण्याने नात्यागोत्यात सांगून टाकलं होतं, की नवी होडी बघून पोटात दुखलं, म्हणून मुद्दाम खडकावर पाठवलं.

तेव्हापासून दाजींची बायको ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. आज निघताना तेवढी बोलली होती. यंत्र बिघडलं होतं म्हणा, भावाला मी पटवलंय, माझं माहेर तोडू नका.

मेव्हण्यानेही आता तेच पुढे केलं, पण भीक घातल्यासारखं. “ताई रडली म्हणून. यंत्रावर ढकला आणि सुटा.”

दाजींनी नुसता पुढे चल म्हणून हात केला. किनाऱ्यावरचं धुराडं पाण्याच्या टाकीआड गेलं, ही त्यांची नेहमीची नजरेची खूण, तसा त्यांनी नांगर सोडला. दोर सरसरत गेला, जातच राहिला. घळ इथे होती. मग उतरत्या पाण्याने होडीला मागे ओढलं, दोर ताणला गेला आणि होडी थांबली. दाजींनी पडद्याकडे पाहिलं. होडी पुन्हा त्याच खुणेवर येऊन बसली होती.

त्यांनी ताणलेल्या दोरावर हात ठेवला.

“यंत्र बरोबर आहे,” ते म्हणाले. “त्या दिवशी नांगर टाकला, दोर बांधला, चहा ओतला, आणि मग खूण साठवायचं बटण दाबलं. ओहोटी नुकती लागली होती, खाली पाणी भरपूर होतं, खडक कळला नाही. नांगर घळीत होता. मी इथे होतो, चाळीस पावलं मागे. स्वतः कायम धुराडं बघूनच येतो, म्हणून ती खूण कधी पडताळली नाही.”

मेव्हणा हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. “म्हणजे वैरसुद्धा नाही. नुसता गलथानपणा. वैर असतं तर निदान भांडता आलं असतं.”

त्याने नांगर ओढून घेतला आणि होडी धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर गाडी उभी होती. पुढे मेव्हण्याची बायको, हात प्लास्टरमध्ये; मागे दाजींची बायको. दाजी पुढच्या खिडकीशी वाकले.

“वहिनी, खूण माझी चुकली. यंत्राची चूक नाही.”

“पडताळली नव्हतीत?”

“नाही.”

मागच्या सीटवर त्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

वहिनींचा दाराकडचा हात प्लास्टरमधला. त्यांनी दुसरा हात अंगावरून आडवा नेऊन बटण चाचपलं. काच वर सरकू लागली, अर्ध्यात थांबली. त्यांनी पुन्हा दाबलं.

काच पुरती मिटेपर्यंत दाजी तसेच वाकून उभे होते.